दाराजवळचं गाठोडं

१२ मे १९८७, मंगळवार

थोरल्या भावामागे थडग्याची किल्ली अखेर माझ्याकडे आली. वहिनीनं ती फडक्यात बांधून आणून दिली आणि सुटल्यासारखी घरी गेली. किल्लीबरोबर एक जाड वही आहे. आत कोण कोणत्या फळीवर निजलं आहे आणि यापुढे कोणाला जागा द्यायची, सगळं त्यात आहे. माझं वय एकाहत्तर. चाळीस वर्षं बेटाच्या किनाऱ्यावरच्या शाळांत पोरांशी डोकं लावून अंबोहिसुवाच्या टेकडीवर परत आलो तो शांतपणे मरायला, आणि इथे मेलेल्यांचीच व्यवस्था गळ्यात पडली.

आमच्याकडची थंडी जून-ऑगस्टातली; या थंडीत फिरवणी आहे. दर सात वर्षांनी थडगं उघडायचं, पितरांना बाहेर आणायचं, नवी रेशमी वस्त्रं गुंडाळायची, खांद्यावर घेऊन नाचायचं आणि दिवस मावळायच्या आत परत निजवायचं. आजवर माझं काम एवढंच, की थडग्याच्या माथ्यावर उभं राहून भाषण करायचं. ते मी बरं करतो. लग्नाला, मयताला चार गावांतून मला बोलावणं येतं. आत मात्र मी कधी उतरलेलो नाही. ते वक्त्याचं काम नव्हे. यंदा उतरावं लागेल.

१७ मे, रविवार

प्रार्थनेहून आलो तर नुरु ओसरीवर बसलेली. राजधानीत सुईणीचं शिकते ही माझी नात. बाप तिला वर्षातून दोनदा रागावतो आणि मी दोनदा लाड करतो, म्हणून मोठ्या बातम्या आधी माझ्याकडे येतात.

"आजोबा, मी लग्न ठरवलंय."

"चांगलं झालं. कुठला मुलगा?"

"इथलाच. मोटारी दुरुस्त करतो शहरात. हेरी."

"इथला म्हणजे?"

"खालचा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी चहा सांडला. कप जुना होता, कान सैल होता. पण मला वाईट वाटलं हे खरं. आमच्याकडे मुली नात्यातल्या नात्यात दिल्या जातात, जमीन घरात राहते, पितर घरात राहतात. हे काय मी ठरवलेलं नाही.

१९ मे

खालचे म्हणजे टेकडीच्या दक्षिण पायथ्याची चाळीसेक घरं, दाट कुरळ्या केसांची माणसं. गुलामी गेली त्याला एक्क्याण्णव वर्षं झाली. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, सभ्य माणसं 'खालचे' म्हणतात. वाडीचं नाव अंबोदिमासी, म्हणजे मासीचा पायथा. मासी म्हणजे रैनिमासी, माझे आजोबा. ज्यांची माणसं त्यांचंच नाव राहिलं. सरकारी नकाशावर तेच आहे, त्यांच्या ओळखपत्रांवरही तेच. गेल्या साली त्यांच्यातली काही पोरं नाव बदलायचा अर्ज घेऊन माझ्याकडे सहीला आली होती. मी त्यांना समजावलं, की जुनं नाव आहे, त्यात लाज कसली, उलट एका मोठ्या माणसाचं नाव तुम्हाला मिळालं आहे. ती मुकाट निघून गेली. पटलं असावं.

२ जून

जुएली आला. माझा मुलगा, नुरुचा बाप, बँकेतला साहेब. चपला न काढताच बोलायला लागला.

"बाबा, वहीत नियम आहे की नाही?"

आहे. खालच्यांशी लग्न करील त्याला थडग्यात जागा नाही. भावाच्या अक्षरात आहे, पण शब्द माझे आहेत. बावन्न साली दूरची चुलतबहीण वुला खालच्या एका सुताराबरोबर गेली, तेव्हा थडग्यासमोर ते भाषण मीच केलं होतं. लोकांनी वाहवा केली होती. वुला कुठेतरी किनाऱ्यावर रेतीत पुरली आहे म्हणतात. आमच्यात याहून मोठी शिक्षा नाही. जिवंतपणी माणूस कुठेही राहील, पण मेल्यावर आपल्यांत निजता येत नसेल तर तो कुणाचाच राहत नाही.

"मग फिरवणीच्या दिवशी सगळ्यांदेखत नुरुचं नाव खोडा," जुएली म्हणाला. "नाहीतर पुढे माझ्या पोरांना कुणी मुली देणार नाही."

"पोर तुझी आहे."

"म्हणून तर."

त्याचे केस मला फार बारीक कापलेले दिसले. आमच्या घरात पुरुषांनी केस मुळापासून कापायचे, हा माझ्या वडिलांचा नियम. शिस्तीचे होते. निदान तेवढं जुएली पाळतो.

९ जून

हेरीची आजी रासेंडु आज येऊन गेली. मागच्या दारानं. खालचे पुढच्या दारानं येत नाहीत. कुणी मनाई केलेली नाही, पण येत नाहीत. साठी उलटलेली, काटक बाई. चटईवर बसायला सांगितलं तर उंबऱ्याशीच टेकली.

"बोल, रासेंडु. लग्नाचं म्हणशील तर ते माझ्या हातात नाही."

"लग्नाचं पोरं बघतील, मास्तर. मी दुसऱ्या कामाला आलेय." पदराच्या टोकानं तिनं तोंड पुसलं. "आम्ही थडगं बांधलंय. माझ्या पोरांनी तीन वर्षं विटा भाजल्या. दगडाचं दार बसवलं. पण रिकामं आहे."

मला माहीत होतं. रिकामं थडगं म्हणजे नुसती खोली. त्यात पहिल्यांदा जुना पितर निजवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला नेता येत नाही. खालच्यांची माणसं आजवर शेताच्या बांधाला मातीत जात आली. मातीतलं आता काय सापडणार?

"तुमच्या दाराजवळ आमची म्हातारी आहे," रासेंडु म्हणाली. "केताका. माझ्या आईची आई. ती आम्हाला द्या."

मी विचार करतो म्हणालो. ती उठली.

"करा. आम्हाला सवय आहे थांबायची," ती म्हणाली. यात टोमणा होता की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना.

१० जून

वहीत पाहिलं. शेवटच्या पानावर, फळ्यांच्या यादीबाहेर, एक ओळ आहे: 'दाराजवळ, जमिनीवर, एक.' नाव नाही.

थोरल्या बहिणीला, रावाओताईला विचारलं. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पितरांना वस्त्रं गुंडाळायचं बायकांचं काम गेली चाळीस वर्षं तीच बघते.

"दाराजवळचं गाठोडं कुणाचं, ताई?"

"आज आठवण झाली होय तुला?"

"रासेंडु म्हणते, तिच्या आजीचं आहे."

"मग असेल."

"त्या गाठोड्याला वस्त्र कोण घालतं?"

"रासेंडु दर फिरवणीला कुंपणाबाहेर वस्त्र घेऊन उभी असते. तू वर भाषण करत असतोस, तुला कसं दिसणार? मी जाऊन घेते आणि गुंडाळते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी खाली बघितलं नाहीस," ताई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. तिला विचारून कधी काही हाती लागत नाही.

२१ जून, रविवार

थंडी वाढली. गुडघ्यांना तेल लावून घेतलं आणि बसल्या बसल्या ती म्हातारी आठवली. केताका. मी अकरा वर्षांचा असताना ती गेली. वडिलांची दाई, असं आम्हाला सांगत. स्वयंपाकाच्या झोपडीत राहायची. भाताच्या भांड्याची खरवड खरडून मला द्यायची, वर गरम पाणी ओतून तांबडं पाणीही तीच करायची. मी एकदा तिला, "ए, माझे पाय धू," असं म्हणालो, सगळी मोठी माणसं म्हणत तसंच. वडिलांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच. मारताना ते रडत होते, हे मला विचित्र वाटलं होतं.

वडील फार मोठ्या मनाचे. संध्याकाळचा भात ते पुष्कळदा त्या झोपडीत तिच्याशेजारी बसून खात. आजी (रैनिमासींची लग्नाची बायको, करडी बाई, तिला मूल उशिरा झालं म्हणत, तेही एकटे वडीलच) तेव्हा तोंड फिरवून बसायची. म्हातारी गेल्यावर तिला आमच्या थडग्यात घ्यायचा हट्ट वडिलांचाच. मोठी भांडणं झाली. शेवटी दाराजवळ, जमिनीवर, असं ठरलं. आणि स्वतः अठ्ठावन्न साली गेले तेव्हा सांगून गेले, की मला फळी नको, खालीच ठेवा. इतका साधा माणूस मी पाहिला नाही. एका दाईसाठी कोण एवढं करतं?

५ जुलै

तोडगा सापडला. इतका सोपा, की आधी का सुचला नाही.

केताका त्यांना देऊन टाकायची. त्यांच्या थडग्याला पितर मिळेल. थडगं असलं म्हणजे ठिकाण असलं, आणि ठिकाण असलं म्हणजे हेरी बेवारशी घरचा राहत नाही. नुरु लग्नानंतर नवऱ्याच्या थडग्यात जाईल, तशा पुष्कळ मुली जातात. मग तिचं नाव खोडायची वेळच येणार नाही. नियम मोडला नाही, पोर तुटली नाही, आणि आमचं काही गेलंही नाही. भाषणाची सुरुवातसुद्धा तयार आहे: 'आज आम्ही वरून खाली एक माउली पाठवत आहोत.' जुएलीला पत्र लिहिलं.

१२ जुलै

जुएली कबूल झाला. पत्रात लिहितो, 'ते गाठोडं गेलं तर बरंच, आपलं थडगं स्वच्छ होईल.' शब्द मला आवडला नाही. पण कबूल झाला.

रासेंडुला निरोप धाडला. ती आली नाही, एक कोंबडी पाठवली. ताईनं कोंबडी घेतली आणि मला विचारलं, "तू स्वतः आत उतरणार आहेस ना?"

"उतरावंच लागेल."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली.

१९ जुलै, रविवार

नुरुला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आनंद झाला.

"आजोबा, त्यांचीच आजी त्यांना देताय. त्यात तुमचं काय?"

"अगं, साठ वर्षं सांभाळली आम्ही."

"दाराशी. जमिनीवर. नावाशिवाय." ती शेंगा सोलत होती, वर बघितलंही नाही. "वुलाआजी कुठे पुरलीय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

ही पोर शाळेत असती तर मी तिला कोपऱ्यात उभी केली असती, आणि मनातून पूर्ण गुण दिले असते. मी थकलो आहे. सगळ्यांचं भलं करायला गेलं की सगळे आपल्याकडे असे बघतात.

२ ऑगस्ट

सर्दी. काही लिहिण्यासारखं नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

रात्र झाली आहे. तरी आजचं आज लिहितो.

सकाळी बाजेवाले आले, दोन्ही बाजूंचे लोक जमले. आमचे कुंपणाच्या आत, खालचे बाहेर. नुरु बाहेर, हेरीशेजारी. जुएलीनं ते पाहून दात आवळले. दगड बाजूला केला, मी मेणबत्ती घेऊन सात पायऱ्या उतरलो. आत कोरडी थंडी. फळ्यांवर सगळे ओळीनं. आणि दाराजवळ, जमिनीवर, एकच गाठोडं. वडील मला दिसेनात. ते तर सांगून गेले होते, खालीच ठेवा. मी दोनदा मोजलं. मग वाटलं, भावानं त्यांना शेवटी फळीवर ठेवलं असेल, बरं केलं.

पोरांनी गाठोडं बाहेर आणलं, चटईवर ठेवलं. मी माथ्यावर चढलो. क्षमा मागण्यापासून सुरुवात केली, वडीलधाऱ्यांची, पितरांची, माझ्याहून चांगलं बोलणाऱ्यांची, रीतीप्रमाणे. 'वरून खाली एक माउली' एवढ्यावर आलो आणि खाली ताईनं जुनं वस्त्र सोडलं. आत एक नव्हतं. दोन होते. एकाच दोरीनं बांधलेले, हाडं हाडांत गेलेली, खालचं पीठ झालेलं. कुणाचं कुठलं ते देवालाही कळलं नसतं.

आमच्यात दोघांना एकत्र कधी बांधतात ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवरा-बायकोला. नाहीतर आईला आणि तिच्या लेकराला.

बाजा थांबला. मी माथ्यावरून विचारलं, "ताई, दुसरं कोण?"

"बाबा," ताई म्हणाली. "सहासष्ट साली मीच बांधलं. मरताना त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, मला आईजवळ ठेव."

मग जुएली पुढे आला. "दोरी कापा. मोठी हाडं असतील ती आपली, बाकी त्यांना द्या."

"कापतोस?" ताई त्याला म्हणाली. "ये, काप. तुझी पणजी कुठली आणि आजा कुठला, निवडून दे मला. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मला दिसत नाही."

जुएलीनं हात पुढे केला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चाळीस वर्षं बोललो त्या जागेवर उभा होतो आणि माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. वडिलांचे, कुरळेपणा दिसू नये इतके बारीक कापलेले केस आठवले. माझे, जुएलीचे. त्या माराचं रडणं आठवलं. इतकी वर्षं सगळं समोर होतं आणि मी त्याला साधेपणा म्हणत होतो, शिस्त म्हणत होतो. मला भयंकर लाज वाटली. तिच्या पोटचे असल्याची नव्हे. पाय धू म्हणाल्याची.

"दोघांनाही न्या," मी म्हणालो. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

रासेंडुनं कुंपण ओलांडलं, आपलं वस्त्र पसरलं, आणि ती न् ताई दोघींनी मिळून ते गुंडाळलं. खालच्या पोरांनी खांद्यावर घेतलं. आमच्यातलं कुणी नाचलं नाही. उतारावरून बाजा बराच वेळ ऐकू येत होता.

२३ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेला गेलो तर आमच्या बाकावर मी आणि ताई दोघंच. बाकीचे मागे जाऊन बसले होते.

येताना ताईला म्हणालो, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू त्यावर छान बोलला असतास," ती म्हणाली. "आणि काही केलं नसतंस."

जरा पुढे गेल्यावर मला म्हणते, "मुली नात्यात द्याव्यात म्हणत होतास ना? दिली बघ. हेरी तिचा खापरपणजीकडून भाऊच लागतो. चार पिढ्या झाल्यात, एक कोंबडं कापलं की नात्याचा दोष जाईल." आणि रस्त्यात उभी राहून हसली. इतक्या वर्षांत मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मला हसू आलं नाही.

६ सप्टेंबर

जुएली आणि तिघे पुतणे आले. चहा घेतला नाही. किल्ली आणि वही मागितली. त्यांनी ठरवलं आहे, की जे झालं ते म्हाताऱ्या बाईचं भ्रमिष्ट बोलणं होतं, त्यांचे आजोबा फळीवरच आहेत, तसं वहीत लिहायचं.

"आणि नियम?" मी विचारलं.

"नियम तोच," जुएली म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "नुरुचं नाव खोडतोय. तुम्ही सगळ्यांदेखत बोललात बाबा, आता तुमचं ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

"ताईचं?"

"आत्याचंही."

माझा मुलगा आहे. लहानपणी ताप आला की माझ्या पाठीवरून उतरत नसे. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. त्याला खालचं व्हायचं नाही. मलाही नव्हतं व्हायचं. मी किल्ली दिली. भांडायचं बळ नव्हतं, आणि वहीतले शब्द तर माझेच होते.

२० सप्टेंबर, रविवार

काल नुरुचं लग्न झालं, खाली, हेरीच्या अंगणात. आमच्याकडून ताई, मी, आणि नुरुची आई, ती नवऱ्याला न सांगता आली होती. भाषण मी केलं नाही. त्यांच्यातला एक तरुण गवंडी बोलला, अडखळत, पण बरं बोलला.

आज सकाळी पुन्हा खाली गेलो. उतार चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त दुखतात. रासेंडु त्यांच्या नव्या थडग्यासमोरचं गवत काढत होती. दारावर दगडात दोन नावं कोरली आहेत, आई आणि मुलगा. वडिलांचं नाव मी तिथे वाचलं. तिनं बसायला पाट दिला.

"रासेंडु, एक विचारायचं होतं तुम्हाला." लग्नांत दुसऱ्यांच्या मुलींसाठी सासरच्या थडग्यात अशीच जागा मी शंभरदा मागितली असेल, अलंकार लावून. "आम्हाला, म्हणजे ताईला आणि मला, वर जागा राहिली नाही. इथे, वडिलांजवळ, दोघांपुरती मिळेल का?"

ती गवत उपटत राहिली. मग हात झटकले.

"तुमच्या ताईचं काही नाही. त्या कधीही येऊ देत." माझ्याकडे तिनं नीट पाहिलं, रागानं नव्हे. "तुमचं एकटीनं कसं सांगू, मास्तर? बावन्न साली वुलाला काढलंत, तो सुतार माझा भाऊ होता. तो अजून तिकडेच आहे रेतीत, तिच्याशेजारी. घरच्यांना विचारावं लागेल. कुणी नको म्हटलं तर मी जोर करणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पोरं शहरातून थेट नाताळात येतात. तेव्हा बसून ठरवू."

"थांबतो मी," मी म्हणालो, आणि तिच्याजवळचं खुरपं घेऊन दुसऱ्या कडेचं गवत काढायला बसलो. तिनं नको म्हटलं नाही.